याखिमोव्ह : टाकून दिलेल्या दगडांचं गाव

श्रोतेहो, नमस्कार.

डॉलर आज किती रुपयांना झाला, हे आपण बातम्यांत रोज ऐकतो. पण हा डॉलर ज्या गावाचं नाव लावून हिंडतो, ते गाव अमेरिकेत नाही. ते आहे चेक प्रजासत्ताकाच्या वायव्य कोपऱ्यात, जर्मनीच्या सीमेला खेटून, एका अरुंद दरीत. वस्ती अडीच हजारांच्या आत. नाव याखिमोव्ह. जर्मन बोलणारे त्याला योआखिम्सटाल म्हणायचे, म्हणजे संत योआखिमची दरी.

एवढ्याशा गावावर रेडिओवर पाऊण तास बोलता येईल, इतका मालमसाला तिथे आहे. मला वेळ कमी आहे, म्हणून मी एकच धागा धरतो. या गावात गेली पाचशे वर्षं एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडली. आधीच्यांनी जे निरुपयोगी म्हणून फेकून दिलं, ते नंतरच्यांनी धावत येऊन उचललं. आणि त्यातून पैसा एकानं कमावला, तर किंमत दुसऱ्यानंच मोजली.

आधी जागा समजून घेऊ. चेक आणि जर्मन प्रदेशांच्या मधोमध क्रुशने होरी नावाची डोंगररांग आहे. जर्मनीत तिला एर्झगेबिर्गे म्हणतात, म्हणजे खनिजांचे डोंगर. तिची घडण आपल्या सह्याद्रीसारखी आहे. एका अंगाला उभा उतार, दुसऱ्या अंगाला हळूहळू उतरत जाणारं पठार. उभी बाजू चेककडे, सपाट बाजू जर्मनीतल्या सॅक्सनीकडे. रांगेतलं सगळ्यात उंच शिखर क्लीनोवेत्स, १२४४ मीटर. त्याच्याच पायथ्याशी, उभ्या उताराला पडलेल्या एका घळीत याखिमोव्ह लांबलचक पसरलंय. घळीतून एक ओढा वाहतो, तो खाली ऑस्त्रोव्ह गावाकडे जातो आणि त्याचं पाणी पुढे ओहर्झे नदीला मिळतं. रस्ता ओढ्याच्या कडेनं चढतो आणि घरं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. खालच्या अंगाला आज आरोग्यस्नानाची मोठमोठी हॉटेलं आहेत. वरच्या अंगाला जुनं गाव, टाकसाळ, चर्च आणि खाणीचा मनोरा. कार्लोव्ही व्हारी हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं प्रसिद्ध शहर तिथून जेमतेम वीस किलोमीटरवर.

इथे शेती पिकत नाही. हिवाळा लांब, बर्फ दांडगं, जमीन दगडाळ. माणसं इथे आली ती फक्त जमिनीच्या पोटात जे आहे त्यासाठी.

पोटात काय होतं? खडकांना भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांतून खोलवरचं गरम पाणी वर येत असताना धातू मागे ठेवून गेलं होतं. चांदी, बिस्मथ, कोबाल्ट, निकेल आणि युरेनियम, सगळे एकाच शिरेत. खाणकामगार या शिरांना मोठी छान नावं देत. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या त्या पहाटेच्या शिरा आणि उत्तर-दक्षिण जाणाऱ्या त्या मध्यरात्रीच्या शिरा. चांदी जास्त करून मध्यरात्रीच्या शिरांत सापडायची.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे चांदी लागली आणि १५१६ साली श्टेपान श्लिक नावाच्या सरदारानं गाव वसवलं. पुढची वीस वर्षं म्हणजे नुसती झुंबड. सॅक्सनीतून, आल्प्स पर्वतातल्या टायरॉलमधून, जिथे जिथे खाणीचं काम जाणणारी माणसं होती तिथून लोक लोटले. १५३४च्या आसपास वस्ती अठरा हजारांच्या घरात गेली होती. बोहेमियाच्या, म्हणजे तेव्हाच्या चेक राज्यात प्रागनंतर सगळ्यात मोठं शहर हेच. रानात वीस वर्षांपूर्वी जिथे चिटपाखरू नव्हतं, तिथे.

चांदी नुसती विकण्यापेक्षा तिची नाणी पाडली तर फायदा जास्त, हे श्लिक घराण्यानं ओळखलं. १५२० साली त्यांना रीतसर परवानगी मिळाली. नाणं कसं होतं? चांगलं जाडजूड, वजन सुमारे एकोणतीस ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबात अडीच तोळे चांदी. एका बाजूला संत योआखिम, दुसऱ्या बाजूला बोहेमियाचा दोन शेपट्यांचा सिंह आणि राजा लुई याचं नाव. त्या काळी मोठे व्यवहार सोन्याच्या नाण्यांत चालत. सोनं अपुरं पडू लागलं होतं, तेव्हा सोन्याच्या नाण्याच्या तोडीचं चांदीचं नाणं हवं होतं. आता खरं सांगायचं तर ही कल्पना याखिमोव्हची नाही. टायरॉलमध्ये १४८६ सालीच असं जड नाणं पाडलं गेलं होतं. पण याखिमोव्हमध्ये चांदी रग्गड लागली होती. नाणी इतकी निघाली की युरोपभर लोक गावाच्या नावानं त्यांना योआखिम्सटालर म्हणू लागले. मग तोंडात बसेना म्हणून नुसतं टालर. त्याचंच डच भाषेत डालडर झालं, इंग्रजीत डॉलर झालं, आणि १७९२ साली अमेरिकेनं आपल्या नाण्याला तेच नाव दिलं.

या टालरच्या वंशजांपैकी एक आपल्या दारापर्यंत आला होता. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेझा हिच्या छापाचा टालर लाल समुद्राच्या आणि अरबस्तानच्या व्यापारात दोनशे वर्षं चालला. तिच्या मृत्यूचं साल, १७८०, तेवढंच कायम ठेवून तो नंतर देशोदेशी पाडला जात होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४०-४१ साली, तो मुंबईच्या टाकसाळीतही पाडला गेला. इथिओपियाच्या मोहिमेवरच्या फौजेला तिथे चालणारं नाणं हवं होतं, आणि तिथले लोक दुसरं कुठलं नाणं हातात धरायला तयार नव्हते.

श्लिकांकडे परत येऊ. १५२५ साली कामगारांनी बंड केलं, मालकांच्या गढीवर आणि नगरभवनावर चाल केली. पुढच्याच वर्षी हंगेरीत तुर्कांशी मोहाचची लढाई झाली. तिथे राजा लुई मारला गेला, श्टेपान श्लिकही परतला नाही. नवा राजा फर्डिनांड हाब्सबुर्ग घराण्यातला. त्यानं १५२८ साली नाणी पाडायचा हक्क काढून घेतला आणि टाकसाळ राजाची झाली. तिची दगडी इमारत आजही उभी आहे, आता तिथे संग्रहालय आहे.

याच धामधुमीत, १५२७ साली, गावाला एक डॉक्टर मिळाला. नाव गेऑर्गियुस आग्रिकोला. रोग्यांपेक्षा त्याचं लक्ष खाणींकडे जास्त असावं. मोकळा वेळ मिळाला की तो खाणीत उतरायचा, भट्ट्यांपाशी उभा राहायचा, कामगारांना प्रश्न विचारायचा. चारेक वर्षं तो इथे होता. त्या निरीक्षणांतून पुढे आयुष्यभराचा ग्रंथ उभा राहिला, ‘दे रे मेटालिका’. १५५६ साली, त्याच्या मृत्यूनंतर वर्षभरानं, तो छापून आला. शीर कशी ओळखायची, पाणी कसं उपसायचं, भट्टी कशी बांधायची, कामगारांना कोणते आजार होतात, सगळं त्यात आहे, आणि जोडीला जवळपास तीनशे लाकडी ठशांची चित्रं. दोनशे वर्षं खाणवाल्यांनी हा ग्रंथ उशाशी ठेवला. गंमत अशी की १९१२ साली त्याचं लॅटिनमधून इंग्रजी भाषांतर केलं ते एका अमेरिकन खाण-इंजिनिअरनं आणि त्याच्या बायकोनं. इंजिनिअरचं नाव हर्बर्ट हूव्हर. हाच पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. डॉलरच्या जन्मगावात राहिलेल्या माणसाचा ग्रंथ डॉलरवाल्या देशाच्या होणाऱ्या अध्यक्षानं भाषांतरित करावा, हा योग कुणी कादंबरीत घातला असता तर मी नाक मुरडलं असतं.

चांदीचं वैभव फार टिकलं नाही. वरच्या शिरा संपल्या, खाणी खोल गेल्या, खोल गेलं की पाणी लागतं, पाणी उपसायला खर्च येतो. तिकडे दक्षिण अमेरिकेत १५४५ साली पोतोसीचा डोंगर सापडला आणि तिथली चांदी युरोपात येऊन भाव कोसळला. गावकरी ल्युथरपंथी, म्हणजे प्रॉटेस्टंट होते. पुढच्या शतकात कॅथलिक राजसत्तेनं धर्म बदला नाहीतर निघा असा धोशा लावला, तेव्हा बरेच जण डोंगर ओलांडून सॅक्सनीत गेले. तीस वर्षांच्या युद्धानं उरलंसुरलं उद्ध्वस्त केलं. मग दोनेक शतकं हे एक विस्मरणात गेलेलं डोंगरी गाव होतं.

आता तो फेकून दिलेला दगड. चांदीची शीर खोदत जाताना मध्येच एक काळा, डांबरासारखा चमकणारा दगड लागायचा. आकाराच्या मानानं भलताच जड. तो दिसला की चांदी संपली, असा कामगारांचा अनुभव. म्हणून त्याला त्यांनी दुर्दैवाचा दगड ठरवलं होतं. पिचब्लेंड ते हेच. बाहेर काढायचा आणि ढिगावर टाकायचा. १७८९ साली बर्लिनच्या क्लाप्रोथ या रसायनशास्त्रज्ञानं अशा दगडात एक नवं द्रव्य ओळखलं आणि नुकत्याच सापडलेल्या युरेनस ग्रहावरून त्याला युरेनियम म्हटलं. त्याचं करायचं काय, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

उत्तर सापडलं ते बोहेमियाच्या काचवाल्यांना. काचेच्या रसात थोडं युरेनियम घातलं की काच पिवळी-हिरवी होते, उन्हात तिला एक विचित्र झळाळी येते. फुलदाण्या, अत्तराच्या बाटल्या, पेले यांची फॅशन आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आडोल्फ पातेरा या रसायनशास्त्रज्ञानं दगडातून युरेनियमचा रंग काढायची रीत बसवली आणि याखिमोव्हमध्ये सरकारी रंगकारखाना सुरू झाला. म्हणजे ज्या काळ्या दगडाला तीनशे वर्षं शिव्या बसल्या, तो आता मुख्य माल झाला. आणि रंग काढून घेतल्यावर उरलेला तपकिरी चोथा? तो कारखान्यामागच्या पाइनच्या रानात ओतून दिला.

तो चोथा उचलायला गिऱ्हाईक आलं पॅरिसहून. मारी क्यूरी तेव्हा युरेनियमच्या किरणांवर काम करत होती. तिच्या लक्षात आलं की पिचब्लेंडमध्ये जितकं युरेनियम आहे, त्याच्या मानानं त्याचे किरण फारच तीव्र आहेत. म्हणजे आत आणखी काहीतरी आहे. १८९८ साली तिनं आणि पिएर क्यूरी यांनी आधी पोलोनियम आणि मग रेडियम ही नवी मूलद्रव्यं जाहीर केली. पण जाहीर करणं वेगळं आणि चिमूटभर हातात धरून दाखवणं वेगळं. त्यासाठी टनांनी खनिज हवं होतं, आणि खनिज महाग. मग तिनं हिशेब मांडला की युरेनियम काढून घेतलं तरी रेडियम चोथ्यातच राहिलं असणार. आणि चोथा कुणालाच नकोय.

गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं. व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीचे भूगर्भशास्त्रज्ञ एदुआर्ट झ्युस यांनी मध्यस्थी केली आणि पोती पॅरिसला रवाना झाली. पोती उघडली तेव्हा तपकिरी भुकटीत पाइनच्या सुया मिसळलेल्या होत्या. रानातून फावड्यानं भरलेला माल तो, सुया येणारच. एका गळक्या शेडमध्ये, जवळजवळ स्वतःच्या उंचीच्या लोखंडी सळईनं ती बाई मोठमोठ्या भांड्यांत हे रटरटणारं मिश्रण घोटत राहिली. १९०२ साली हातात आला एक दशांश ग्रॅम शुद्ध रेडियम क्लोराइड. तिला दोन नोबेल मिळाली, १९०३ आणि १९११. १९२५ साली ती याखिमोव्हला प्रत्यक्ष येऊनही गेली.

रेडियमचं महत्त्व कळल्यावर ऑस्ट्रियानं चोथा बाहेर पाठवण्यावर बंधनं घातली आणि गावातच रेडियम काढायला सुरुवात केली. बेल्जियन काँगोतलं खनिज बाजारात येईपर्यंत जगाला रेडियम पुरवणारं मुख्य ठिकाण हेच गाव. घड्याळांच्या अंधारात चमकणाऱ्या काट्यांपासून कर्करोगाच्या उपचारांपर्यंत रेडियमचा बोलबाला झाला. आपल्याकडे मोटरसायकलच्या नंबरप्लेटवरच्या चमकत्या पट्टीला आजही रेडियमच म्हणतात, आणि ‘रेडियम कटिंग’चं दुकान प्रत्येक तालुक्याला असतं. त्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो, हे वेगळं.

दगड झाला, चोथा झाला, राहिलं पाणी. खाणवाल्याचा सगळ्यात जुना वैरी. १८६४ साली स्वोर्नोस्त खाणीत पाचशे मीटर खोलीवर कोमट पाण्याचा लोंढा फुटला आणि खाण बुडाली. त्या वेळी ते संकट होतं. रेडियमच्या शोधानंतर कळलं की या पाण्यात रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू विरघळलेला आहे. १९०६ साली गावातल्या एका बेकरीवाल्याच्या घरात खाणीचं पाणी आणून पहिली स्नानं सुरू झाली. सांधे दुखणारे लोक येऊ लागले. सहा वर्षांत, १९१२ साली, ‘रेडियम पॅलेस’ नावाचं राजवाड्यासारखं हॉटेल उभं राहिलं. तेही अजून चालू आहे.

आणि इथे मला जरा थांबून बोलायचंय, कारण पर्यटनाच्या माहितीपत्रकांत पुढचा भाग दोन ओळींत उरकतात.

या डोंगरातले खाणकामगार तरुणपणीच खोकत मरतात, हे शतकानुशतकं माहीत होतं. १८७९ साली सीमेपलीकडच्या श्नेबेर्गमध्ये दोन डॉक्टरांनी तो फुफ्फुसांचा कर्करोग असल्याचं सांगितलं. याखिमोव्हच्या कामगारांचीही तीच गत असल्याचं १९३०च्या आसपास चेकोस्लोव्हाक डॉक्टरांनी दाखवून दिलं. कोंदट बोगद्यात साठणारा रेडॉन छातीत जातो, हे कारण पुढे पक्कं झालं. म्हणजे खाली हॉटेलात जो वायू औषध म्हणून विकला जात होता, तोच वर खाणीत माणसं मारत होता. मात्रा आणि कालावधीचा फरक मोठा आहे, हे मान्य. पण खाली पाहुण्यांना वेळ मोजून मिळत होता, वर कामगारांना कुणी मोजून दिला नाही.

१९३८च्या म्युनिक करारानं हा सगळा जर्मनभाषक सीमाभाग हिटलरला मिळाला, खाणींसकट. १९४५ साली युद्ध संपलं. हिरोशिमानंतर युरेनियम म्हणजे काय, हे साऱ्या जगाला कळलं होतं. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला चेकोस्लोव्हाकिया आणि सोव्हिएत संघ यांच्यात एक गुप्त करार झाला आणि याखिमोव्हचं खनिज मॉस्कोकडे जाऊ लागलं. गावातल्या पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या जर्मनभाषक लोकांना देशाबाहेर काढलं गेलं. खाणीत उतरायला माणसं हवी होती. आधी जर्मन युद्धकैदी आणले. १९४८ साली कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि मग राजकीय कैद्यांची रांग लागली.

प्राध्यापक, पाद्री, शेतकरी, स्काउटमास्तर, ब्रिटिश हवाई दलातून हिटलरशी लढून आलेले वैमानिक. छावण्यांची नावं खाणींवरून. त्यांतल्या तीन नावांचे अर्थ ऐका, रोव्हनोस्त म्हणजे समता, स्वोर्नोस्त म्हणजे एकोपा, ब्रात्रस्त्वी म्हणजे बंधुता. पाचशे मीटर खाली दिवसभर युरेनियम खोदायचं आणि वर येऊन समता नावाच्या काटेरी कुंपणात झोपायचं. कैदी स्वतःला ‘मुक्ल’ म्हणत. ‘संपवण्यासाठी नेमलेला माणूस’ या चेक शब्दांची ती आद्याक्षरं. छावणीतून कामावर नेताना शेकडो कैद्यांना दाटीवाटीनं उभं करून भोवतीनं पोलादी दोर आवळत, की एकालाही पाऊल वेगळं टाकता येऊ नये. याला कैद्यांनी नाव ठेवलं होतं ‘रशियन बस’.

१९४७ आणि १९४९ साली चेकोस्लोव्हाकियानं आइस हॉकीचं जगज्जेतेपद मिळवलं होतं. १९५०च्या मार्चमध्ये लंडनच्या स्पर्धेला निघायच्या वेळेस या संघातल्या खेळाडूंना अटक झाली, देश सोडून पळण्याचा बेत केल्याचा आरोप ठेवून. गोलरक्षक बोहुमिल मोद्री याला पंधरा वर्षांची शिक्षा झाली. जगातल्या सर्वोत्तम गोलरक्षकांत गणला जाणारा हा माणूस याखिमोव्हच्या युरेनियमात राबला. सुटून आल्यावर तो फार जगला नाही. १९६३ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी गेला.

ऑस्त्रोव्हजवळ व्हिक्मानोव्हला एक लाल विटांचा चौकोनी मनोरा आहे. कैद्यांनी त्याला मृत्यूचा मनोरा म्हटलं. आसपासच्या खाणींतलं खनिज इथे यायचं, वर चढवलं जायचं, दळलं जायचं, डब्यांत भरून रेल्वेनं सोव्हिएत संघाकडे जायचं. दळताना उडणारी धूळ युरेनियमची. तोंडाला फडकंदेखील नाही.

१९६४ साली याखिमोव्हचं युरेनियम खोदणं थांबलं. तोपर्यंत घरांच्या पायाखालचा डोंगर पोखरून चाळणी झाला होता. त्यातच जुन्या रंगकारखान्यातून उरलेली बारीक वाळू गावकऱ्यांनी कधीकाळी गिलाव्यासाठी फुकटात नेलेली. त्यामुळे कित्येक घरांच्या भिंतीच किरणोत्सारी निघाल्या आणि गिलावे खरवडून काढायची वेळ आली.

आज स्वोर्नोस्त खाण चालू आहे. १५१८ साली सुरू झालेली ही खाण युरोपातल्या सगळ्यात जुन्या चालू खाणींपैकी एक मानतात. चांदी नाही, युरेनियम नाही, खाणकामगार खाली उतरतात ते पाण्यासाठी. बाराव्या पातळीवरचे झरे सांभाळायचे, पाणी वर चढवायचं, नळानं स्नानगृहांपर्यंत पोचवायचं. एका झऱ्याला क्यूरीचं नाव आहे, एकाला आग्रिकोलाचं, आणि सगळ्यात मोठ्याला बेहौनेकचं. फ्रान्तिशेक बेहौनेक हा मारी क्यूरीकडे शिकलेला चेक शास्त्रज्ञ. १९२८ साली ‘इतालिया’ हे हवाई जहाज उत्तर ध्रुवाहून परतताना बर्फावर कोसळलं, त्यातून वाचलेल्यांपैकी तो एक होता. त्याच्या नावच्या झऱ्याचं पाणी सुमारे छत्तीस अंश, म्हणजे अंगाला लागेल इतपतच कोमट. रेडॉन पावणेचार दिवसांत निम्मा उरतो, शिवाय पाण्यातून उडून जातो, त्यामुळे हे पाणी बाटलीत भरून विकता येत नाही. रोग्यालाच गावात यावं लागतं. टबात वीस मिनिटं स्वस्थ पडून राहायचं, पाणी हलवायचं नाही, कारण हलवलं की वायू निसटतो. संधिवात आणि मणक्याच्या दुखण्यांचे लोक वर्षानुवर्षं येतात आणि बरं वाटतं म्हणतात. मी डॉक्टर नाही. जागतिक आरोग्य संघटना रेडॉनला धूम्रपानाखालोखाल फुफ्फुसाच्या कर्करोगाचं कारण मानते, आणि याखिमोव्हचे डॉक्टर सांगतात की स्नानातली मात्रा अगदी थोडी असते. दोन्ही ऐकून ज्याचा त्यानं निर्णय घ्यावा.

२०१९ साली युनेस्कोनं या खाणप्रदेशाला जागतिक वारसा म्हटलं. सीमेच्या दोन्ही बाजूंची मिळून बावीस ठिकाणं, त्यांत सतरा जर्मनीतली, पाच चेकमधली. याखिमोव्हचा परिसर त्यांत आहे. आणि लाल मनोराही आहे, हे मला विशेष वाटतं. वारसा म्हटलं की लोक टाकसाळ आणि चर्च दाखवतात. इथे चेक लोकांनी युरेनियम दळायचा मनोराही त्याच यादीत घातला.

कुणी कार्लोव्ही व्हारीला जाणार असाल, तर एक दिवस या गावासाठी काढा. टाकसाळीत टालर पाहा, एका जुन्या बोगद्यात आत जाता येतं तिथे जाऊन या, आणि परतताना ऑस्त्रोव्हला उतरून मनोऱ्यापाशी थांबा. उन्हाळा असला तरी स्वेटर बरोबर ठेवा, बोगद्यात थंडी बारमाही असते.

नमस्कार.